मामांच्या दुकानातलं माशा मारायचं मशीन: दुरुस्तीच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

मामांच्या कराडच्या दुग्धालयातलं माशा मारायचं मशीन आज घरी आणलं. दोन फुटी, जाड पत्र्याचं, आत निळसर उजेडाच्या दोन ट्यूब आणि त्यांच्या दोन्ही अंगांना उभ्या तारांची जाळी. खाली मेलेल्या माशा पडायचा ट्रे. नव्वदच्या दशकातलं आहे. मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि २ × २० वॅट एवढंच वाचता येतं. जाळीच्या व्होल्टेजचा आकडा गंजाने खाल्ला आहे.

तक्रारी तीन. ट्यूब लागताना बराच वेळ मिचमिचतात, कधी लागतच नाहीत. माशी जाळीत शिरली तरी चट्‌ असा आवाज येत नाही, त्याऐवजी सतत बारीक सूं-सूं ऐकू येतं आणि जळका वास येतो. तिसरी तक्रार सगळ्यात त्रासाची: पावसाळी हवेत दुकानाचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच) पडतो आणि त्याबरोबर फ्रीज बंद होतात. दुधाच्या धंद्यात रात्री फ्रीज बंद पडला तर सकाळी माल ओतून द्यावा लागतो. यंदा पाऊस मे महिन्यातच आला, मृग लागायच्या आधीच भिंतींनी ओल धरली, तेव्हापासून मशीनचा प्लग काढूनच ठेवला होता.

मामा म्हणाले, "होत असलं तर कर, नसलं तर नवीन आणू. भंगारवाला दोनशे द्यायला तयार आहे." मामींना मात्र ते काउंटरवर परत नकोच आहे. मध्यंतरी जाळीवरून उडालेला माशीचा पंख पेढ्याच्या परातीत पडला होता, तो त्यांनीच उचलला. मामींचं हे कारण मला तिन्ही तक्रारींपेक्षा वजनदार वाटतं. निर्णयाच्या वेळी ते पहिल्यांदा विचारात घ्यायचं.

उघडण्याआधीच एक गोष्ट पक्की केली. सगळं ट्रान्सफॉर्मरवर अवलंबून ठेवायचं. तो चांगला असेल तर बाकीचं सगळं बाजारात मिळतं. तो गेला असेल तर केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे पुन्हा भरून घेणं परवडत नाही, आणि कुठलातरी दुसरा ट्रान्सफॉर्मर आणून बसवणं धोक्याचं आहे.

१५ जून, रविवार

या मशीनचे दोन प्रकार असतात आणि हातात कुठला आहे ते कळेपर्यंत जाळीला बोट लावायचं नाही. हलक्या प्लास्टिकच्या मशीनमध्ये छोट्या बोर्डावर डायोड आणि कपॅसिटरची साखळी असते, ती व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वर चढवते. त्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले राहू शकतात, म्हणून आधी रेझिस्टरमधून रिकामे करावे लागतात. जुन्या जड मशीनमध्ये सरळ ट्रान्सफॉर्मर असतो, साठवण काही नाही. मागचा पत्रा काढला आणि डाव्या कोपऱ्यात वार्निश केलेला ट्रान्सफॉर्मर दिसला. म्हणजे दुसरा प्रकार.

हा ट्रान्सफॉर्मर साधा नसतो. प्रायमरी (मेनलाइनकडचे वेढे) आणि सेकंडरी (जाळीकडचे वेढे) यांच्या मध्ये लोखंडी पत्र्यांचा आडवा तुकडा बसवलेला असतो. जाळी शॉर्ट झाली की चुंबकीय फ्लक्स त्या तुकड्यातून वळतो आणि सेकंडरीचा करंट आपोआप अडतो, साधारण १० मिलिअँपिअरच्या आसपास. म्हणून माशी जाळीत चिकटून बसली तरी फ्यूज उडत नाही. पण १० मिलिअँपिअर हा आकडा लहान समजायचा नाही. हाताचे स्नायू आखडायला आणि धरलेली वस्तू सुटेनाशी व्हायला तेवढा करंट पुरतो.

याच रचनेतून तिसऱ्या तक्रारीचा अर्धा उलगडा कागदावरच होतो. दुकानात सगळ्यांचा समज असा की जाळीत किडे भरले, म्हणून आरसीसीबी पडतो. आरसीसीबी फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटचा फरक मोजतो. सेकंडरी मेनलाइनपासून वेगळी आहे, तिथली गळती सेकंडरीतच फिरून परत येते. आरसीसीबीला ती दिसतच नाही. (म्हणूनच जाळीला हात लागला तर आरसीसीबी वाचवणार नाही. हे मामांना नीट समजावून सांगायचं आहे.) म्हणजे दोष २३० व्होल्टच्या बाजूला शोधायचा: वायर, चोक, होल्डर किंवा प्रायमरी.

मग साफसफाई. ट्रेमध्ये आणि जाळीच्या खालच्या कडेला वाळवीच्या उडत्या किड्यांच्या पंखांचा थर बसला होता. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी उजेडावर झुंडीने येतात तेच. त्यांचे पंख, माशांची जळलेली शरीरं आणि हवेतला तुपकट अंश मिळून काळा चिकट लगदा झाला होता. ब्रश आणि कोरड्या फडक्याने काढला, चिकट भागावर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) वापरलं.

जाळी धुऊन निघाल्यावर खालचा इन्सुलेटर नीट दिसला. तपकिरी बेकेलाइटची पट्टी, तिच्या खाचांत एकाआड एक तार बसवलेली. उजव्या टोकाला दोन तारांच्या मधल्या जागेत काळी रेघ उमटली आहे. भिंगातून पाहिलं तर एका तारेपाशी जाड, पुढे फाटे फुटत गेलेली, उंबराच्या मुळीसारखी. मधल्या भागात बेकेलाइट खोल जळून खाचच पडली आहे. सूं-सूं आवाज आणि वास दोन्ही इथूनच. वीज माशीतून जायच्या ऐवजी रात्रंदिवस या रेघेतून वाहत होती. ट्रान्सफॉर्मर करंट अडवून धरतो, त्यामुळे रेघेत करंट चालू झाला की जाळीचं व्होल्टेज खाली बसतं आणि माशीसाठी काही उरत नाही.

आणखी एक गोष्ट सापडली आणि ती पाहून राग आला. पुढची संरक्षक जाळी उघडली की वीज तोडणारा मायक्रोस्विच असतो. त्याची दोन टोकं आधीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत वायरचा तुकडा घालून जोडून टाकली होती. म्हणजे इतकी वर्षं दुकानातली पोरं पुढची जाळी उघडून ट्रे साफ करत होती तेव्हा प्लग काढलेला नसेल तर आतल्या तारा जिवंत होत्या. बाकी काही होवो न होवो, हा स्विच लागल्याशिवाय हे मशीन माझ्या टेबलावरून हलणार नाही.

२१ जून, शनिवार

मेनलाइनची बाजू. जाळीच्या वायरी ट्रान्सफॉर्मरपासून सोडवून वेगळ्या केल्या, ट्यूब काढल्या, आणि प्लगच्या फेज-न्यूट्रलपासून बॉडीपर्यंत ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजायचं मीटर) इन्सुलेशन मोजलं. कोरड्या अवस्थेत ८ मेगाओम. वाईट नाही, पण एवढ्या वायरिंगला याहून बरंच जास्त यायला हवं. मग एकेक भाग सोडवत गेलो. चोक चांगला, प्रायमरी चांगली, होल्डर चांगले. उरली बाहेरून येणारी वायर.

वायर पत्र्यातून आत शिरते तिथला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) कधीच गळून गेला आहे. साखळीवर टांगलेलं मशीन पंख्याच्या वाऱ्याने हलत राहतं, आणि पत्र्याच्या कोऱ्या कडेने वायरचं बाहेरचं आवरण कापत कापत फेजच्या इन्सुलेशनपर्यंत पोचली आहे. तांबं अजून उघडं दिसत नाही. ओलं फडकं त्या जागी दाबून धरलं आणि पुन्हा मेगर केलं तर आकडा थेट शून्यावर. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडायला २३० व्होल्टवर साडेसात हजार ओमच्या आसपासची गळती पुरते. पावसाळ्यात त्या कडेवर बाष्प साचलं की तेवढी होणारच.

अर्थिंगची वायर जागेवर होती आणि लग घट्ट होता, म्हणून गळतीला वाट मिळाली आणि आरसीसीबी पडत राहिला. अर्थिंग सुटलं असतं तर तोच करंट मशीनला हात लावणाऱ्याची वाट पाहत राहिला असता. दुकानात सगळे त्या आरसीसीबीला दोष देत होते, एकाने तो काढून टाकायचंही सुचवलं होतं. त्याने त्याचं काम चोख केलं आहे.

नवी तीन कोअरची वायर, ग्रोमेट, आणि आतल्या बाजूला वायर ओढली जाऊ नये म्हणून क्लॅम्प. हे तिन्ही लावायचं ठरलं.

२२ जून, रविवार

ट्रान्सफॉर्मरचा दिवस. प्रायमरी ९२ ओम, सेकंडरी १४ किलोओम, आणि सेकंडरीचा मध्य कोअरला (लोखंडी गाभ्याला) जोडलेला. दोन्ही अर्ध्या भागांचे आकडे जवळपास सारखे आले, म्हणजे एका बाजूची तार तुटलेली नाही. पण रेझिस्टन्सवरून आतले दोन-चार वेढे एकमेकांना चिकटलेत का ते कळत नाही.

त्यासाठी सिरीज बोर्ड. प्रायमरीच्या सिरीजमध्ये ४० वॅटचा बल्ब, सेकंडरी मोकळी, टोकं एकमेकांपासून लांब टांगलेली, टेबलावर दुसरं काही नाही, खिशात एक हात. बल्बची तार जेमतेम लालसर झाली. वेढे शॉर्ट असते तर बल्ब भरून पेटला असता.

व्होल्टेज मोजायला साधा मल्टीमीटर थेट लावायचा नाही, कारण त्याची मर्यादा ६०० किंवा १००० व्होल्टची असते. हजारात भागणारा प्रोब माझ्याकडे नाही, आणि त्याची गरजही पडली नाही. डिमरस्टॅटवर (व्होल्टेज हवं तेवढं कमी-जास्त करायचं यंत्र) प्रायमरीला फक्त १० व्होल्ट दिले आणि सेकंडरी मोजली: १७२ व्होल्ट. म्हणजे पट १७.२. त्या हिशेबाने २३० व्होल्टला ३,९५६, म्हणजे चार हजाराला थोडं कमी. १५ आणि २० व्होल्टला पुन्हा करून पाहिलं, पट तोच. जिज्ञासा कितीही असली तरी सगळं मोजमाप साडेतीनशे व्होल्टच्या आत उरकता येतं, ही मला या पद्धतीतली सगळ्यात आवडती गोष्ट.

शेवटी पूर्ण २३० व्होल्टवर तासभर चालू ठेवला. बंद करून, प्लग काढून हात लावला तर कोमट. वास नाही, गुणगुण एकसारखी. कोअर ते प्रायमरी मेगर २०० मेगाओमच्या वर.

ट्रान्सफॉर्मर उत्तम आहे.

२८ जून, शनिवार

ट्यूब. जोडणी पाहिली तर दोन्ही २० वॅटच्या ट्यूब एकामागोमाग एकाच ४० वॅटच्या चोकवर आहेत. यात एक गेली की दोन्ही बंद, हे ठीकच. पण स्टार्टर नेहमीच्या चार फुटी ट्यूबचे बसवले आहेत. अशा जोडणीत सुरुवातीला प्रत्येक स्टार्टरच्या वाट्याला लाइनचे निम्मेच व्होल्ट येतात, नेहमीचा स्टार्टर तेवढ्यावर धड पेट घेत नाही. सिरीजसाठीचे ४ ते २२ वॅटचे वेगळे स्टार्टर मिळतात, वीसेक रुपयांना एक. दुकानदार सहसा विचारत नाही आणि गिऱ्हाईक सांगत नाही, त्यामुळे चुकीचे जाऊन बसतात. डाव्या ट्यूबची टोकंही काळी पडली आहेत, तिचं आयुष्य तसंही संपलं.

उजवी ट्यूब छान निळी पेटते. पण तिच्याकडे माशा जात नाहीत अशी मामांची बारीक तक्रार होती, म्हणून खोलीत अंधार करून तिच्यासमोर पाचशेची नोट धरली. नोटेच्या नंबरांची शाई आणि कागदातले बारीक धागे अल्ट्राव्हायोलेटमध्ये चमकतात. इथे काहीच चमकलं नाही, नोट नुसती निळी दिसली. मग नवी बीएल (ब्लॅकलाइट, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट उजेड देणारी) ट्यूब लावून तीच नोट धरली तर नंबर लख्ख उजळले आणि धागे वेगळे दिसायला लागले. म्हणजे जुनी ट्यूब शोभेची निळी आहे, काचेला किंवा पावडरला रंग असलेली. माशीला ओढायला नुसता निळा रंग पुरत नाही. तिच्या डोळ्याला ३५० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड चांगला दिसतो, जो आपल्याला जवळजवळ दिसतच नाही. बीएल ट्यूब ३५० ते ३७० च्या पट्ट्यात उजेड टाकते, आणि आपल्याला दिसतो तो फिकट निळा उजेड निव्वळ शिल्लक असतो. ज्यांच्या दुकानात असं मशीन आहे त्यांनी नोट धरून बघावी, फुकट आणि अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

खरी ट्यूबही कायम टिकत नाही. आतली फॉस्फरची पावडर थकते, आपल्या डोळ्याला ट्यूब तशीच दिसते पण अल्ट्राव्हायोलेट घटत जातं. साधारण ८,००० तास धरतात. चोवीस तास चालणाऱ्या मशीनला वर्षाला ८,७६० तास होतात, "दरवर्षी ट्यूब बदला" हा नियम तिथून आला असावा. मामांचं मशीन सकाळी नऊ ते रात्री नऊ चालतं, म्हणजे वर्षाला ४,३८०. बावीस महिने पुरतील.

जुन्या दोन्ही ट्यूब पुठ्ठ्यात गुंडाळून ठेवल्या. त्यांत पारा असतो, भंगारात फोडायच्या नाहीत. २०२२ च्या ई-कचरा नियमांत फ्लुरोसंट दिव्यांचाही समावेश आहे, गोळा करणाऱ्या केंद्रावर देणार.

२९ जून, रविवार

आज मामा-मामी जेवायला आले, तेव्हा निर्णयाचं बोलणं झालं. खर्चाचा अंदाज आधी मांडला. बीएल ट्यूबची जोडी ९००, स्टार्टर ४०, मायक्रोस्विच ६०, वायर-ग्रोमेट-क्लॅम्प १८०, इन्सुलेटरसाठी टेफ्लॉन ३५०. एकूण १,५३०. बाजारात दोन फुटी नवं मशीन २,८०० ला सांगितलं. ते मी उघडून पाहिलं: पातळ पत्रा, छोट्या बोर्डावरचं व्होल्टेज, तारा ताणलेल्या नाहीत. पैशांचा फरक मोठा नाही, पण वस्तूतला फरक मोठा आहे. जुन्या ट्रान्सफॉर्मरला जे जमतं ते त्या बोर्डाला दहा पावसाळे जमेल असं मला वाटत नाही.

"मग करून टाक की," मामा म्हणाले.

मी म्हटलं, "मामा, होईल, पण काउंटरवर नाही लावायचं." मामींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा पंखाचा मुद्दा मी पुढे केला. अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात जेम्स अर्बन आणि अल्बर्टो ब्रोस यांनी २००० साली याच गोष्टीचा अभ्यास मांडला होता. माशी विजेने मरते तेव्हा तिचे कण आजूबाजूला उडतात आणि त्यांच्याबरोबर तिच्या अंगावरचे जिवाणू आणि विषाणूही हवेत जातात. डोळ्याला दिसला तो एक पंख. जे दिसलं नाही तेही परातीत गेलं असणार. ज्या मशीनने चार हजार व्होल्टने माशी फोडायची, ते उघड्या खव्याच्या डोक्यावर टांगायचं नाही. नवं घेतलं असतं तरी हेच सांगितलं असतं.

मामी म्हणाल्या, "मी दोन वर्षं हेच सांगतेय."

मग समोर काय? चिकट पट्टीचं मशीन. ट्यूब तीच, पण माशी पट्टीला चिकटून राहते, फुटत नाही. साडेतीन हजारांपर्यंत मिळतं. मामांनी विचारलं, हेच जुनं चिकट पट्टीचं करता येणार नाही का? येईल. जाळी आणि ट्रान्सफॉर्मर काढून ट्यूबमागे पट्टी सरकवायची खाच केली की झालं. ट्रान्सफॉर्मर मेला असता तर मी तेच केलं असतं. पण दुकानाच्या मागच्या बोळात, मोरी आणि मागच्या दाराच्या मध्ये, खरी माशी आहे. तिथे क्रेट, भुसा, धूळ, ओल. चिकट पट्टीवर धूळ बसली की ती चिकटपणा सोडते, आठवड्यात बदलावी लागेल. तिथे उघडा पदार्थ कधीच नसतो. म्हणून मागे जाळी, पुढे पट्टी.

आणखी एक फायदा. आतापर्यंत मशीन दुकानाच्या तोंडाशी होतं, रात्री रस्त्यावरून दिसायचं. म्हणजे रस्त्यावरचे किडे आपणच आत बोलावत होतो. दिवसा उलट, उन्हाच्या उजेडापुढे ट्यूबचा टिकाव लागत नाही. अंधाऱ्या बोळात दोन्ही प्रश्न सुटतात.

मामांचा शेवटचा प्रश्न: "मग एखादं घराच्या ओसरीवर डासांसाठी लावू का?" नको. डेलावेअर विद्यापीठातल्या टिमोथी फ्रिक आणि डग्लस टॅलमी यांनी घरांच्या अंगणातल्या अशा मशीनमधले किडे गोळा करून मोजले, १९९६ साली छापलं. १३,७८९ किड्यांत चावणारे फक्त ३१ निघाले. १,८६८ मात्र इतर किड्यांना खाणारे किंवा त्यांच्यावर वाढणारे, म्हणजे आपल्या कामाचे. रक्त शोधणारी डासाची मादी उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या, अंगाच्या वासाच्या आणि उबेच्या मागाने येते, ट्यूबच्या नाही. ओसरीवर मच्छरदाणी आणि खिडक्यांना जाळ्या, आणि अंगणात साचलेलं पाणी ओतून द्यायचं. मामांनी मान डोलावली, पण पटलं की नाही ते कळलं नाही.

ठरलं. दुरुस्त करायचं.

६ जुलै, रविवार

आषाढी. दुकानात उपवासाच्या बासुंदीची आणि पेढ्यांची गर्दी, मामांना फोनवर बोलायलाही सवड नाही. सामान सगळं आलं आहे, एवढीच नोंद.

१२ जुलै, शनिवार

इन्सुलेटर. बेकेलाइटवरची काळी रेघ खरवडून वरून वार्निश मारायचा सोपा मार्ग आहे आणि बरेच जण तो करतात. टिकत नाही. बेकेलाइट ज्या द्रव्याचं बनतं त्यालाच जळून कार्बन व्हायची ओढ असते. एकदा वाट पडली की थोडी ओल मिळताच तीच वाट पुन्हा उघडते. म्हणून पट्टी अख्खी बदलली. हायलमची शीट स्वस्त मिळत होती, पण तीही त्याच कुळातली. टेफ्लॉनवर अशी रेघ पडत नाही आणि पाणीही धरून राहत नाही.

६ मिलिमीटर टेफ्लॉनच्या शीटमधून दोन पट्ट्या कापल्या, वरची आणि खालची. जुन्या पट्टीवरून खुणा उतरवल्या, तारांमधलं अंतर ८ मिलिमीटर. ते तसंच ठेवायचं, कमी-जास्त करायचं नाही. ३,९५६ व्होल्टचं शिखर १.४१ पटीने साडेपाच हजारांच्या वर जातं. हवा साधारण मिलिमीटरला ३,००० व्होल्ट सोसते, तेव्हा मोकळ्या ८ मिलिमीटरमध्ये आपोआप ठिणगी पडत नाही, पण सहा-सात मिलिमीटरची माशी पाय-पंखांसकट मध्ये आली की उरलेली फट पुरत नाही. अंतर वाढवलं तर बारकी माशी निसटते, कमी केलं तर ओल्या हवेत विनाकारण ठिणग्या.

एक सुधारणा केली. प्रत्येक दोन छिद्रांच्या मध्ये हॅक्सॉच्या पात्याने २ मिलिमीटर खोल खाच पाडली. पृष्ठभागावरून जाणाऱ्या विजेला त्या खाचेत उतरून पुन्हा चढावं लागतं, म्हणजे वाट चार मिलिमीटरने लांबली. टेफ्लॉन मऊ असतं, ड्रिल दाबून चालवलं की छिद्राला ओठ येतात. ते ब्लेडने काढायला तारा ओवण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

तारांवरचा गंज बारीक एमरी पेपरने काढला, दोन सडलेल्या तारा स्टेनलेसच्या घातल्या. स्प्रिंग सगळ्या ताणून पाहिल्या. सैल तार शेजारणीला चिकटली की जाळी कायमची शॉर्ट.

१९ जुलै, शनिवार

जुळवणी. जाळी ट्रान्सफॉर्मरला जोडण्याआधी तारांच्या दोन गटांमध्ये आणि प्रत्येक गट ते बॉडी मेगर केलं. (जोडल्यानंतर हे मोजता येत नाही, सेकंडरीतूनच आकडा दिसतो.) तिन्ही वेळा मीटरच्या टोकाला. मग पाण्याची वाफ धरून पुन्हा, तरी तेच. मेनलाइनची बाजू ओल्या फडक्यासकट २०० मेगाओमच्या वर.

मायक्रोस्विच बसवला. पुढची जाळी बोटभर उघडली की ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही बंद, हे पुन्हा पुन्हा उघडझाप करून पाहिलं.

पहिल्यांदा सिरीज बोर्डवर, मग थेट. ट्यूब दोन मिचकाव्यांत लागल्या. सूं-सूं नाही. कोरड्या तीन फुटी पीव्हीसी पाइपच्या टोकाला ओल्या कागदाची बारीक पट्टी चिकटवून, पुढच्या जाळीच्या भोकातून दोन तारांच्या मध्ये नेली. चट्‌! स्वच्छ, कोरडा आवाज, आणि कागदाला काळी कड. काही लोक स्क्रूड्रायव्हर घालून ठिणगी पाहतात. तो चार हजार व्होल्टसाठी बनवलेला नसतो. कुणीही तसं करू नये.

अंधारात अर्धा तास नुसतं बघत बसलो, इन्सुलेटरवर कुठे जांभळट चमक दिसते का ते पाहायला. नव्या पट्टीवर कुठेच नाही.

२० जुलै, रविवार

मागच्या बोळात लावलं. मोरीचे शिंतोडे पोचणार नाहीत इतक्या लांब, साखळीऐवजी भिंतीला दोन क्लॅम्पवर, हलायला जागाच नाही. मागचं दार उघडलं तरी बाहेरून ट्यूब दिसत नाही. समोर काउंटरच्या बाजूला मामांनी नवं चिकट पट्टीचं घेतलं.

पोरांना बोलावून दाखवलं: आधी प्लग काढायचा, मग जाळी उघडायची. स्विच आहे म्हणून प्लग राहू द्यायचा नाही. आणि आरसीसीबी या जाळीपासून वाचवत नाही. त्यातल्या एकाने विचारलं, मग स्विच कशाला लावला? कारण एखाद्या दिवशी घाईत प्लग काढायचा राहील, त्या दिवसासाठी.

बोळात उभा राहिल्यावर माशीचं खरं घरही दिसलं. दाराबाहेर नासक्या दुधाचे आणि ताकाचे डबे, शेजारी ओला कचरा, आठवड्यातून दोनदा उचलला जाणारा. उबदार हवेत घरमाशीचं अंड्यापासून उडत्या माशीपर्यंतचं चक्र सात ते दहा दिवसांत पुरं होतं. तीन-चार दिवस पडून राहिलेल्या कचऱ्यात अळ्या तयार होतात आणि कडेच्या कोरड्या मातीत जाऊन कोष करतात. मशीन कितीही चांगलं असलं तरी ते मोठ्या झालेल्या माशा मारतं. मामींनी त्याच दिवशी झाकणाचा ड्रम मागवला आणि कचरा रोज संध्याकाळी बाहेर काढायचं पोरांच्या अंगावर टाकलं.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा, दुकान गजबजलेलं. सकाळी उघडायच्या आधी जाऊन ट्रे काढला आणि वर्तमानपत्रावर पालथा केला. बहुतेक घरमाशा, थोड्या मोरीवरच्या केसाळ माश्या, चार-दोन पतंग. डास शोधून एक सापडला. वाळवीचे किडे अगदी थोडे, कारण उजेड आता बाहेर दिसत नाही. इन्सुलेटरवर भिंग फिरवलं, खाचांत धूळ बसायला लागली आहे पण रेघ नाही. ब्रशने काढली.

आरसीसीबी तेव्हापासून पडलेला नाही, आणि या तीन आठवड्यांत पाऊस चांगला झाला.

साफसफाई दर रविवारी दुकान बंद झाल्यावर, पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात दोन दिवसांआड. इन्सुलेटर कोरड्या ब्रशने, पाणी नाही. मशीनच्या पाठीवर मार्करने लिहिलं: ट्यूब लावली जुलै २०२५, बदलायची मे २०२७, स्टार्टर सिरीजचेच. सर्वसाधारण उजेडाच्या फ्लुरोसंट ट्यूब पाराविषयक मिनामाता करारात २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलं आहे. या बीएल ट्यूब त्या वर्गात येत नाहीत, पण कारखाने आणि दुकानं तीच असल्याने दोन फुटी माल मिळेनासा होऊ शकतो. म्हणून एक जोडी आताच घेऊन मामांच्या माळ्यावर ठेवली, पुठ्ठ्यावर नाव घालून. त्याचे ९०० रुपये वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.